क्रिप्टो खर्च करायला डेबिट कार्ड निवडताना: कॅशबॅकच्या आधी काय बघायचं?

पैसाअडका

क्रिप्टो कार्डांचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो "कॅशबॅक किती?" खरं तर तो सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी तीन गोष्टी नक्की करून घ्या. नाणं (म्हणजे बिटकॉइनसारखं क्रिप्टो) नेमकं कधी विकलं जातं? विकलं जाईपर्यंत ते कोणाच्या ताब्यात असतं? आणि कार्डावरच्या ठसठशीत नावामागे प्रत्यक्षात कार्ड देणारी संस्था कोणती आहे?

दुकानदाराला बिटकॉइन मिळत नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. त्याच्या मशीनला हे साधं व्हिसा किंवा मास्टरकार्ड दिसतं. मंजुरी दोन-चार सेकंदांत यावी लागते आणि बिटकॉइनचा एक ब्लॉक (व्यवहार पक्के करणारा नोंदींचा गठ्ठा) यायला सरासरी १० मिनिटं लागतात. म्हणजे मध्ये कोणीतरी उभं राहून दुकानदाराला नेहमीचं सरकारी चलन देतं आणि तुमचं नाणं घेतं. हे 'मध्ये उभं राहणं' कसं होतं त्यावरून कार्डांचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे आधी विकून भरायचं कार्ड. तुम्ही ॲपमध्ये नाणं विकता, कार्डावर युरो, डॉलर किंवा पाउंड जमा होतात आणि पुढे ते नेहमीच्या प्रीपेड कार्डासारखं चालतं. विक्रीचा दर बटण दाबण्याआधी दिसतो, हा याचा मोठा फायदा.

दुसरा, टॅप करताना विकणारं कार्ड. नाणी एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजाराच्या) खात्यात पडून असतात आणि प्रत्येक व्यवहाराला तेवढ्यापुरती विक्री होते. दर व्यवहार झाल्यावरच कळतो. कॉइनबेसचं कार्ड या जातीचं.

तिसऱ्या प्रकारात नाणी तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये (ज्याची गुप्त किल्ली तुमच्याकडेच असते) राहतात आणि कार्डाला त्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत उचलायची परवानगी असते. ग्नोसिस पे आणि मेटामास्क कार्ड यात येतात.

चौथ्यात काहीच विकलं जात नाही. नाणी तारण राहतात आणि खर्च कर्जाऊ होतो. नेक्सोच्या कार्डात क्रेडिट आणि डेबिट असे दोन्ही मोड आहेत, त्यातला क्रेडिट मोड या प्रकारचा.

तुमची गरज कोणत्या प्रकारात बसते ते ठरलं की नावांची यादी आपोआप आखडते. रोजच्या किराणा-प्रवासासाठी कार्ड हवं असेल तर माझा कौल पहिल्या किंवा तिसऱ्या प्रकाराला, आणि तोही स्टेबलकॉइन (डॉलर किंवा युरोच्या भावाला बांधलेलं नाणं) वापरून. जाणकारांनी भर घालावी.

---

गणिती_काका

वर्गीकरण पटलं. मी खर्चाचं गणित मांडतो, कारण 'शून्य शुल्क' असं लिहिलेल्या कार्डावरही शुल्क असतं. ते फक्त दरात मिसळलेलं असतं.

एका व्यवहारात तीन ठिकाणी पैसे झिरपतात: स्प्रेड (बाजारभाव आणि तुम्हाला मिळालेला दर यांतला फरक), रूपांतर शुल्क आणि परकीय चलनाचं शुल्क. समजा, स्प्रेड ०.८ टक्के, रूपांतर १ टक्का, परकीय चलन १ टक्का. १०० युरोच्या खरेदीला साधारण २.८० युरो गेले. कॅशबॅक २ टक्के, म्हणजे २ युरो परत. निव्वळ तोटा ८० सेंट. शेजारी दुसरं कार्ड ठेवा: कॅशबॅक शून्य, पण युरोचं स्टेबलकॉइन थेट खर्च होतं आणि रूपांतरच लागत नाही. तिथे खर्च जवळपास शून्य. जाहिरात पहिल्या कार्डाची होते, स्वस्त दुसरं पडतं.

स्प्रेड मोजायची रीत सोपी आहे. खरेदीच्या क्षणी दोन मोठ्या एक्स्चेंजवरचा भाव बघा आणि सरासरी लिहून ठेवा. मग ॲपमधल्या पावतीवर नाणं किती गेलं ते बघा. खरेदीची रक्कम भागिले गेलेलं नाणं, हा तुम्हाला मिळालेला दर. बाजारात ५०,००० आणि तुम्हाला ४९,५०० मिळाले असतील तर स्प्रेड १ टक्का. एका मोजणीवर निष्कर्ष काढू नका. भाव शांत असताना एकदा, जोरात हलत असताना एकदा आणि शनिवारी-रविवारी एकदा मोजा. चलनबाजार बंद असतो तेव्हा काही कार्डं परकीय चलनाच्या दरात जास्तीचा अधिभार धरतात, आणि तो शुल्कपत्रकात बारीक अक्षरांत असतो.

आणखी एक गळती कार्डाच्या हातात नसते. परदेशात मशीन विचारतं, "तुमच्या चलनात पैसे भरायचे की इथल्या?" नेहमी तिथलंच चलन निवडा. तुमचं चलन निवडलंत की दर दुकानदाराची बँक ठरवते आणि त्यात तिचं मार्जिन असतं. एटीएमलाही हाच नियम. पडद्यावर 'रूपांतराशिवाय पुढे जा' असा पर्याय येतो, तो दाबायचा.

---

मोजूनमापून

कॅशबॅकबद्दल थोडं अजून. वरच्या पायरीचा कॅशबॅक मिळवायला बऱ्याच कार्डांत कंपनीचं स्वतःचं टोकन (तिने काढलेलं नाणं) विकत घेऊन ठरावीक मुदतीसाठी कुलूपबंद करून ठेवावं लागतं. ही गुंतवणूक आहे, तिचा हिशेब कार्डापासून वेगळा मांडा.

समजा ४०० युरोचं टोकन अडकवून १ टक्का जादा मिळतो आणि महिन्याचा खर्च ३०० युरो आहे. महिन्याला ३, वर्षाला ३६ युरो. टोकन ९ टक्क्यांनी पडलं की वर्षाची कमाई गेली, आणि अशी टोकनं एका दिवसातही ९ टक्के हलतात. क्रिप्टो डॉट कॉमच्या सीआरओ या टोकनचा भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये ०.९६ डॉलरच्या आसपास होता. २०२२ संपताना तो ०.०६ डॉलरच्या घरात होता. त्याच वर्षी मेच्या पहिल्या तारखेला कंपनीने कार्डावरच्या कॅशबॅकात कपात जाहीर केली आणि ओरड झाल्यावर ती थोडी सौम्य केली. कपात झाली तेव्हा ज्यांचं टोकन अडकलेलं होतं त्यांना मुदत संपेपर्यंत विकताही येत नव्हतं. अटी कंपनी एकतर्फी बदलू शकते, तुमचं कुलूप मात्र एकतर्फी निघत नाही.

कॅशबॅक कशावर मिळत नाही तेही वाचा. प्रत्येक दुकानाला चार आकडी वर्गसंकेत असतो. ६०५१ म्हणजे रोख रकमेसारखे व्यवहार, ४८२९ म्हणजे पैसे पाठवणं, ७९९५ म्हणजे जुगार. या वर्गांवर कॅशबॅक बहुतेक ठिकाणी नसतो. कर, वीजबिल, विमा हेही अनेकदा वगळलेले असतात. तुमच्या महिन्याच्या खर्चातून हे वजा करून मग टक्के लावा.

---

शंकेखोर

चांगली चर्चा. माझे दोन प्रश्न:
१. हॉटेल आणि पेट्रोल पंपावर आधी जास्त रक्कम अडवतात आणि नंतर खरं बिल घेतात. तेव्हा नाण्याचं काय होतं?
२. वस्तू परत केली तर नाणं परत मिळतं का?

---

पैसाअडका

@शंकेखोर, हे दोन्ही मुद्दे कार्ड निवडताना निर्णायक आहेत.

कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आधी मंजुरी, मग एक ते काही दिवसांनी प्रत्यक्ष वसुली. टॅप करताना विकणारी बरीच कार्डं मंजुरीच्या वेळीच नाणं विकतात, कारण मधल्या काळात भाव पडायची जोखीम त्यांना नको असते. हॉटेलने ३०० अडवले आणि तुमच्या नाण्याचा भाव २,००० असेल तर ०.१५ नाणं त्याच क्षणी गेलं. बिल झालं २२०. उरलेले ८० परत येतात ते चलनात किंवा त्या दिवसाच्या भावाने. भाव २,२०० झाला असेल तर ८० मध्ये ०.०४ ऐवजी ०.०३६४ नाणं येईल. भाव पडला असता तर उलट फायदा झाला असता, पण हा जुगार तुम्ही मुद्दाम लावलेला नसतो.

रिफंडचंही तेच. दुकानदार चलन परत करतो. कार्ड कंपनी ते चलनातच ठेवते किंवा ठरवलेल्या वॉलेटमध्ये आजच्या भावाने नाणं घेऊन देते. मूळ नाणं मूळ दराने परत देणारं कार्ड शोधत बसू नका, अशी अपेक्षाच चुकीची ठरेल. रूपांतर शुल्क तर बहुधा परत मिळतच नाही. म्हणून परत करण्याची शक्यता असलेली खरेदी, विमानाची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग हे सगळं स्टेबलकॉइन किंवा चलनाच्या खात्यातून करा. ॲपमध्ये 'खर्चाचं वॉलेट' बदलायची सोय असते, ती व्यवहाराआधी बदला.

आणि भाड्याची गाडी. तिथे अनामत अडवायला प्रीपेड कार्ड अनेकदा नाकारतात. कार्डाचे सुरुवातीचे आकडे बघूनच मशीनला कळतं की हे डेबिट आहे, क्रेडिट आहे की प्रीपेड. पुढच्या बाजूला 'डेबिट' छापलेलं असलं तरी नोंद प्रीपेडची असू शकते. प्रवासासाठीच कार्ड घेत असाल तर अर्जाआधी ग्राहकसेवेला हा एकच प्रश्न लेखी विचारा.

---

साखळीवाला

तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहितो, कारण 'तुमची नाणी तुमच्याच ताब्यात' या वाक्याचा अर्थ प्रत्येक कार्डात वेगळा आहे.

मेटामास्क कार्ड मास्टरकार्डच्या जाळ्यावर चालतं आणि सुरुवात लिनिया या इथेरियमवर आधारलेल्या नेटवर्कपासून झाली. तुम्ही वॉलेटमधून एका कॉन्ट्रॅक्टला (नेटवर्कवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला) परवानगी देता: या टोकनमधून अमुक रकमेपर्यंत उचल. टॅप केलं की तेवढं टोकन निघून जातं. इथे सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे परवानगीची रक्कम. सोय म्हणून अमर्याद परवानगी देऊ नका. दोन आठवड्यांच्या खर्चाइतका आकडा टाका आणि संपला की पुन्हा वाढवा. कॉन्ट्रॅक्टमध्ये कधी भोक सापडलंच तर नुकसान त्या आकड्यापाशी थांबतं.

ग्नोसिस पेची रचना निराळी. ते व्हिसा कार्ड आहे आणि पैसे ग्नोसिस चेनवरच्या सेफ या स्मार्ट वॉलेटमध्ये राहतात, युरोसाठी मोनेरियमचं ईयूआरई टोकन असतं. वॉलेटमधून स्वतः पैसे बाहेर काढायचे म्हटलं तर व्यवहार काही मिनिटं रांगेत थांबतो. ही अडचण वाटते, पण कारण रास्त आहे: दुकानात मंजुरी मिळवून त्याच क्षणी वॉलेट रिकामं केलं तर पैसे भरणार कोण? म्हणून बाहेर जाणारी वाट मुद्दाम हळू ठेवली आहे. रोजची खर्चमर्यादाही वॉलेटमध्येच बसवलेली असते.

वेगळं वॉलेट काढा, हे कळकळीने सांगतो. ज्या सीड फ्रेजवर (वॉलेट उघडणाऱ्या गुप्त शब्दांच्या यादीवर) तुमची दीर्घकाळची बचत आहे तिच्यावर कार्ड जोडू नका. नवी सीड फ्रेज, नवं वॉलेट, त्यात फक्त महिन्याचा खर्च. गॅससाठी (नेटवर्कच्या व्यवहार शुल्कासाठी) त्या नेटवर्कचं मूळ नाणं थोडं असू द्या: लिनियावर इथर, ग्नोसिस चेनवर एक्सडाय. काही कार्डं गॅस स्वतः भरतात, पण टोकन बाहेर काढायचं किंवा परवानगी रद्द करायची तर खिशात गॅस लागतो.

आणि पूर्ण ताबा म्हणता येणार नाही अशीही एक गोष्ट आहे. यूएसडीसी आणि यूएसडीटी ही डॉलरची स्टेबलकॉइन काढणाऱ्या कंपन्या एखादा पत्ता गोठवू शकतात, मग प्रायव्हेट की (वॉलेटची गुप्त किल्ली) तुमच्याकडे असली तरी टोकन हलत नाही. संशयास्पद ठिकाणाहून आलेले पैसे कार्डाच्या वॉलेटमध्ये घेऊ नका.

---

शंकेखोर

म्हणजे बिटकॉइन थेट खर्च करण्यापेक्षा स्टेबलकॉइन बरं, असंच ना? मग क्रिप्टो कार्डाचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर?

---

हिशेबनीस

उपयोग असा की ज्यांना कामाचा मोबदलाच स्टेबलकॉइनमध्ये मिळतो, किंवा ज्यांना एक्स्चेंजमधून बँकेत पैसे काढायला दिवस लागतात, त्यांना मधली पायरी गाळता येते. बिटकॉइन खर्च करायचं की नाही याचं उत्तर मात्र करावर अवलंबून आहे, आणि तो भाग लोक हमखास विसरतात.

बहुतेक देशांत कार्डाचा प्रत्येक टॅप ही नाण्याची विक्री धरली जाते. अमेरिकेच्या करविभागाने (आयआरएस) २०१४ साली क्रिप्टोला मालमत्ता ठरवलं, त्यामुळे एका कॉफीलाही नफा-तोट्याची नोंद होते. ब्रिटनमध्ये भांडवली नफ्याचा कर आणि खरेदीची सरासरी किंमत काढायची ठरलेली पद्धत आहे. जर्मनीत खाजगी माणसाने एक वर्षाहून जास्त ठेवलेलं नाणं खर्च केलं तर नफ्यावर कर नाही. वर्षाच्या आत विकलं तर वर्षभरातला असा नफा १,००० युरोच्या आत असेपर्यंत कर लागत नाही, ही मर्यादा २०२४ पासूनची. भारतात एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. जुलै २०२२ पासून हस्तांतरावर १ टक्का टीडीएस. तुम्ही जिथले कर-रहिवासी आहात तिथला नियम लागू, कार्ड कुठूनही निघालेलं असो.

आता कार्डाशी याचा संबंध. महिन्याला ६० व्यवहार म्हणजे वर्षाला ७२० विक्री नोंदी. जुनं, स्वस्तात घेतलेलं बिटकॉइन असेल तर प्रत्येक नोंदीत नफा. स्टेबलकॉइन असेल तर नोंदी तेवढ्याच, पण नफा जवळपास शून्य. आधी विकून भरायच्या कार्डात महिन्याला एकच विक्री करता येते: वर्षाला १२ नोंदी. हिशेबाच्या दृष्टीने पहिला प्रकार सगळ्यात सुटसुटीत, ही माझी ठाम शिफारस.

कार्ड घेण्याआधी व्यवहारांची सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता) उतरवता येते का ते तपासा. तिच्यात हे रकाने हवेत: तारीख आणि वेळ वेळक्षेत्रासह, नाण्याचं प्रमाण, लावलेला दर, शुल्क वेगळं, दुकानाचं नाव, व्यवहार क्रमांक. फक्त चलनातली रक्कम असलेलं पीडीएफ स्टेटमेंट कामाचं नाही, त्यातून नाणं किती गेलं ते निघत नाही. फाइल दर महिन्याला उतरवा. सेवा बंद पडली तर ॲपही बंद होतं आणि नोंदी मिळवणं अवघड जातं.

---

जुनाखातेदार

'सेवा बंद पडली तर' हा या क्षेत्रातला नेहमीचा प्रसंग आहे, म्हणून इतिहास थोडक्यात.

जानेवारी २०१८ मध्ये व्हिसाने जिब्राल्टरच्या वेव्हक्रेस्ट या कार्ड देणाऱ्या कंपनीचं सदस्यत्व काढलं आणि तिच्यावर अवलंबून असलेली अनेक क्रिप्टो कार्डं एकाच दिवसात बंद पडली. कार्डांची नावं वेगवेगळी होती, मागची संस्था एक. जून २०२० मध्ये वायरकार्ड ही पेमेंट कंपनी कोसळली, ब्रिटनच्या एफसीए या वित्तीय नियामकाने तिच्या तिथल्या कार्डकंपनीचं काम काही दिवस गोठवलं आणि क्रिप्टो कार्डांसह इतर कित्येक कार्डं त्या दिवसांत चालेनात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स आणि ब्लॉकफाय या क्रिप्टो कंपन्या बुडाल्या, त्यांची कार्डंही गेली. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्सचं युरोपातलं कार्ड बंद झालं.

यातून तपासायची गोष्ट एकच: कार्डाच्या मागच्या बाजूला किंवा अटींच्या तळाशी 'हे कार्ड अमुक संस्थेने व्हिसाच्या परवान्यानुसार दिलं आहे' अशी ओळ असते. ते नाव घ्या आणि त्या देशाच्या नियामकाच्या सार्वजनिक नोंदवहीत शोधा. परवाना चालू आहे का, तो ई-मनीचा (ग्राहकांचे पैसे डिजिटल शिलकीत ठेवण्याचा) आहे की बँकेचा, कोणत्या देशांसाठी आहे. तुमच्याकडे दोन क्रिप्टो कार्डं असतील आणि दोघांची मागची संस्था एकच असेल तर ती एकच कार्ड समजा.

'ग्राहकांचे पैसे सुरक्षित ठेवलेले आहेत' या वाक्यातही फरक असतो. ई-मनी संस्थेला ग्राहकांचं चलन वेगळ्या खात्यात ठेवावं लागतं, पण त्याला बँक ठेवींसारखा विमा नसतो. आणि ही तरतूद फक्त चलनाला. एक्स्चेंजमध्ये पडून असलेली नाणी तिच्यात येत नाहीत. युरोपात मायका या क्रिप्टोविषयक कायद्याचे स्टेबलकॉइनविषयक नियम जून २०२४ पासून आणि बाकीचे डिसेंबर २०२४ पासून लागू झाले. त्यानंतर तिथल्या मोठ्या एक्स्चेंजनी यूएसडीटीचा व्यवहार आवरता घेतला. युरोपातलं कार्ड घेत असाल आणि हाती यूएसडीटी असेल तर ते टोकन स्वीकारलं जातं का हे आधी बघा.

---

मोजूनमापून

स्टेबलकॉइनचाही भाव हलतो हे नोंदवून ठेवतो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, यूएसडीसीच्या राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर तिथे होते, आणि भाव काही काळ ०.८८ डॉलरच्या खाली गेला. दोन-तीन दिवसांत सावरला. त्या शनिवारी-रविवारी टॅप करताना विकणारं कार्ड वापरणाऱ्याला तो पडलेला दर लागू शकत होता. मे २०२२ मध्ये टेराचं यूएसटी मात्र कायमचं गेलं, कारण त्याच्यामागे पूर्ण किमतीच्या ठेवी नव्हत्या. कार्डासाठी ठेवीवर आधारलेलंच टोकन घ्या, आणि खर्च ज्या चलनात होतो त्याच चलनाचं. युरोत खर्च करून डॉलरचं टोकन ठेवलं तर प्रत्येक व्यवहारात चलनबदल आलाच.

---

नवखी_पण_चौकस

कर्जाऊ प्रकाराबद्दल कोणीच लिहिलं नाही. विक्री होत नाही म्हणजे करही नाही, असं वाचलंय.

---

गणिती_काका

@नवखी_पण_चौकस, अनेक देशांत तारण ठेवून कर्ज घेणं ही विक्री धरत नाहीत, त्यामुळे तो दावा निराधार नाही. पण तारण जबरदस्तीने विकलं गेलं की विक्री होतेच, आणि तीही सगळ्यात वाईट भावाला.

आकडे बघा. १,००० युरोचं बिटकॉइन तारण, ४०० खर्च. कर्जाचं प्रमाण ४० टक्के. ८० टक्क्यांना कंपनी विकायला काढते असं धरा. भाव निम्म्यावर आला, तारण ५०० झालं, की ती रेषा गाठली. आता खर्च ६०० पर्यंत गेला असेल तर भाव फक्त २५ टक्के पडून तारण ७५० झालं तरी पुरे. बिटकॉइनला २५ टक्के घसरण नवी नाही. वर व्याज चढत राहतं, म्हणजे काहीही खर्च न करता प्रमाण हळूहळू वाढतं.

वापरायचंच असेल तर प्रमाण २० टक्क्यांच्या आत ठेवा, इशाऱ्याची सूचना ईमेल आणि फोन दोन्हीवर चालू करा, आणि कर्ज फेडायला स्टेबलकॉइन बाजूला असू द्या. रोजच्या खरेदीसाठी मी हा प्रकार सुचवणार नाही. एकदाच येणाऱ्या, नक्की मुदतीत फेडता येणाऱ्या खर्चाला ठीक.

---

शंकेखोर

केवायसी न मागणाऱ्या कार्डांच्या जाहिराती टेलिग्रामवर सतत दिसतात. त्यांचं काय?

---

जुनाखातेदार

दूर राहा. कार्ड देणाऱ्या परवानाधारक संस्थेला ग्राहकाची ओळख पटवणं बंधनकारक असतं, लहान रकमेच्या भेटकार्डांना काही ठिकाणी सूट असते तेवढीच. मोठ्या मर्यादेची 'बिनओळखीची' कार्डं बहुधा एखाद्या कंपनीच्या नावावर घाऊक काढून पुन्हा विकलेली असतात. मागच्या संस्थेच्या लक्षात आलं की सगळी एकदम बंद होतात, आणि शिल्लक मागायला तुमच्या नावावर काही नसतं. तक्रार करायची तरी कोणत्या नात्याने?

तपशील कमीत कमी द्यायचे असतील तर कायदेशीर वाट म्हणजे ठरावीक दुकानाचं भेटकार्ड. बिटरिफिलसारख्या सेवांवर लाइटनिंगने (बिटकॉइनच्या झटपट नेटवर्कने) पैसे भरले की संकेतांक काही सेकंदांत मिळतो. फक्त लागेल तेवढ्याच रकमेचं घ्या, परतफेड नसते.

---

साखळीवाला

पैसे भरताना होणाऱ्या चुका, कारण ग्राहकसेवेकडे सुटणार नाही अशा तक्रारी बहुतेक इथल्याच असतात.

नेटवर्क. यूएसडीसी इथेरियमवर आहे, बेसवर आहे, लिनियावर आहे, सोलानावर आहे. नाव एक, रस्ते वेगळे. कार्डाने लिनियाचा पत्ता दिला आणि तुम्ही इथेरियमवरून पाठवलं, तर स्वतःच्या वॉलेटमध्ये पत्ता तोच असल्याने टोकन तुमचंच राहतं, ब्रिज करून (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर नेऊन) आणता येतं. पण पत्ता एक्स्चेंजचा असेल तर त्यांनी मदत केली तरच परत मिळतं, आणि त्याचं शुल्क वेगळं.

मेमो किंवा टॅग. एक्सआरपी आणि स्टेलर पाठवताना एक्स्चेंजचा पत्ता सगळ्या ग्राहकांना सामाईक असतो, तुमची ओळख टॅगवरून पटते. टॅग राहिला की रक्कम अडकते.

किमान रक्कम. ठरवलेल्या आकड्याहून कमी जमा झालं तर काही ठिकाणी ते खात्यात दिसतच नाही. म्हणून चाचणीची रक्कम त्या किमान आकड्याहून थोडी जास्त ठेवा. आधी चाचणी, ती कार्डाच्या शिलकीत दिसू द्या, मग बाकीचं.

पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नका. सुरुवातीचे आणि शेवटचे अंक तुमच्या पत्त्यासारखे असलेला पत्ता बनवून त्यावरून नगण्य रक्कम पाठवायची, म्हणजे तो यादीत येतो, ही चोरांची नेहमीची युक्ती आहे. प्रत्येक वेळी ॲपमधून नव्याने घ्या आणि मधले अंकही ताडून बघा.

---

नवखी_पण_चौकस

शिल्लक असूनही कार्ड नाकारलं जातं, त्याची कारणं काय असतात?

---

पैसाअडका

या क्रमाने तपासा.

चुकीचं वॉलेट निवडलेलं आहे का? तुमच्याकडे यूएसडीसी भरपूर, पण खर्चाचं वॉलेट इथरचं निवडलेलं आणि तिथे शिल्लक कमी. काही कार्डं आपोआप दुसऱ्या वॉलेटकडे वळतात, काही वळत नाहीत.

दाखवलेली शिल्लक आणि खर्च करता येणारी शिल्लक वेगळी असते. भाव हलेल म्हणून काही टक्के राखून ठेवतात. बरोबर १०० च्या शिलकीवर १०० ची खरेदी होत नाही.

स्वतःच्या वॉलेटचं कार्ड असेल तर परवानगीची मर्यादा संपली आहे का? हे सगळ्यात जास्त वेळा निघतं.

नवीन प्लास्टिक कार्डाचा पहिला व्यवहार अनेकदा चिप आतमध्ये घालून पिनने करावा लागतो, त्यानंतरच टॅप चालू होतो.

ऑनलाइन खरेदीत बिलाचा पत्ता केवायसीत दिलेल्या पत्त्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. ॲपमध्ये मंजुरीची सूचना येत असेल तर फोनवर सूचना बंद केलेल्या नसाव्यात, नाहीतर वेळ संपते आणि दुकान 'बँकेने नाकारलं' एवढंच दाखवतं.

हे सगळं ठीक असेल तर दुकानाचा वर्ग किंवा देश बंद असेल. नाकारण्याचं कारण ॲपमध्ये नोंदीवर दाबलं की दिसतं का, हेही कार्ड निवडताना बघण्यासारखं आहे. कारण न दाखवणारं कार्ड परदेशात फार त्रास देतं. तसंही प्रवासात एकट्या क्रिप्टो कार्डावर विसंबू नका, साधं बँकेचं कार्ड बरोबर असू द्याच.

---

शंकेखोर

शेवटचा प्रश्न. कार्ड आवडलं नाही तर बंद कसं करायचं? लगेच रद्द केलं तर चालतं?

---

हिशेबनीस

लगेच नको. आधी सगळे अडवलेले व्यवहार सुटू द्या. हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांची अनामत सुटायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात. कार्डावरची वर्गणी दुसरीकडे वळवा. मग सीएसव्ही आणि स्टेटमेंट दोन्ही उतरवा, कुलूपबंद टोकन असेल तर त्याची मुदत बघा, नाणी आधी चाचणीची आणि नंतर पूर्ण रक्कम अशी बाहेर काढा. स्वतःच्या वॉलेटचं कार्ड असेल तर कॉन्ट्रॅक्टची परवानगी शून्यावर आणा. कार्ड बंद केलं म्हणून ती आपोआप रद्द होत नाही.

एखादा रिफंड यायचा बाकी असेल तर तो येईपर्यंत खातं चालू ठेवा, फक्त कार्ड ॲपमधून तात्पुरतं गोठवा. गोठवलेल्या कार्डावर नवी खरेदी अडते, पण रिफंड साधारणपणे जमा होतो. बंद केलेल्या कार्डावर आलेला रिफंड मागच्या संस्थेकडे जाऊन पडतो आणि तो सोडवायला दुकानदाराकडून रिफंडचा संदर्भ क्रमांक मागून घ्यावा लागतो.

---

शंकेखोर

गोठवण्याचा मुद्दा कामाचा आहे. आभार सगळ्यांचे.